अध्यक्षांच्या मार्फत

शकुन,

सभागृहात कुणी कुणाशी थेट बोलायचे नाही, जे काही बोलायचे ते अध्यक्षांकडे पाहून बोलायचे, हा नियम मीच तुम्हा सगळ्यांना शिकवला. त्यामुळे आता तक्रार करायची सोय नाही. खरे तर मला ईशानशी आणि रेवाशी बोलायचे आहे. ईशान जर्मनीत, रेवा बेंगळुरूला. लिहून झाले की हा मजकूर मी दोघांना पाठवणार आहे. पण शिरस्त्याप्रमाणे लिहायचे तुला. तुझी तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, ओसरीवरची सतरंजी मी घडी घालून ठेवली, तरी माझ्याच नातवंडांशी बोलायला मला अजून तुझ्यावाटेनेच जावे लागते. हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस.

तुझे माहेर आसगावचे, तुझा स्वभाव गोड, तुझ्या हातच्या वड्या कुरकुरीत, हे सगळे तेरवीला लोकांनी सांगून झाले आहे. मी ते पुन्हा सांगणार नाही. माझा एक प्रश्न राहिला आहे. तारांकित प्रश्न. तारांकित म्हणजे ज्याचे उत्तर उभे राहून तोंडी द्यावे लागते आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात. त्या उन्हाळ्यात पोरांनी तुला कायमचे बेंगळुरूला न्यायचा प्रस्ताव आणला, मते समसमान पडली, आणि तू आपले निर्णायक मत प्रस्तावाविरुद्ध टाकून इथे भंडाऱ्यात माझ्यापाशी राहिलीस. ते नियमापायी, की माझ्यापायी?

इतकी वर्षे आपण दोघी जावा एका घरात राहिलो, एका चुलीवर जेवलो, आणि मी हे विचारले नाही. तूही सांगितले नाहीस. आता उत्तर मलाच शोधायचे आहे. पोरांनाही ते कळावे, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

सुरुवात कूलरवरून झाली. माझा मिलिंद आणि सून सीमा पोरांना सुट्टीत इथे सोडून गेले होते, आणि कूलरचे तोंड कोणाच्या खाटेकडे, यावरून रोज दुपारी महाभारत. मी नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. म्हटले, भांडण सोडवायची रीत शिकवू. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी स्केचपेनने व्यवस्थित आकृती काढली. वर राष्ट्रपती, खाली दोन सभागृहे. लोकसभा म्हणजे थेट लोकांनी, मतदारसंघामतदारसंघांतून निवडलेली. जास्तीत जास्त पाच वर्षे चालते, मध्येच विसर्जितही होऊ शकते. राज्यसभा म्हणजे राज्यांची. तिचे बहुतेक सदस्य आमदार निवडून देतात, दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे ती कधीच विसर्जित होत नाही. पैशाचे विधेयक फक्त लोकसभेत मांडता येते. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. मी बोलत होते आणि ईशान जांभया देत होता. रेवा तर झोपलीच.

तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बाई, चित्र काहून दाखवता त्याईले? बसवा ना लोकसभा इथंच."

पोरे ताडकन उठून बसली. माझी आकृती पाहून नाही उठली. तुझ्या एका वाक्याने उठली.

"अन् राज्यसभा?" ईशानने विचारले.

"ते कायले बसवाची? ते आहेच ना," तू सूप माझ्याकडे करून म्हणालीस. "आपल्या बाई. ह्याईले कोनी बरखास्त करू शकते का?"

पोरे खाटेवर लोळून हसली. मीही हसले, असे मी तेव्हा दाखवले.

मग निवडणूक झाली. तू घराचे मतदारसंघ पाडलेस. ईशान गच्चीतून उभा राहिला, रेवा स्वयंपाकघरातून, तू तुळशीजवळच्या अंगणातून. शेजारचे गुरुजी, भांडी घासायला येणारी मीरा, दूधवाला, सगळ्यांना तू कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्यास. स्वयंपाकघरात रेवाविरुद्ध मी उभी होते आणि मीराही उभी होती. मते तिघींत फुटली आणि रेवा जिंकली. मी तिला समजावले की तुला निम्मीसुद्धा मते नाहीत, पण आपल्याकडे निम्म्याहून जास्त लागत नाहीत, इतरांपेक्षा जास्त असली की पुरे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे मी जिंकले ना?" मी म्हटले हो. ज्या स्वयंपाकघरात मी उभे आयुष्य काढले तिथून माझी नात निवडून आली आणि मी पडले. मग तू गुरुजींना उमेदवारी मागे घ्यायला सांगून मला देवघरातून पोटनिवडणुकीत बिनविरोध आणलेस. उपकारच केलेस.

त्यानंतर अध्यक्षाची निवड. मी नियम सांगितला: कुणीतरी नाव सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, आणि आपलेच नाव आपण सुचवायचे नाही. सांगून मी थांबले. अर्थातच वाट पाहत होते. या घरात संविधानाचे पुस्तक कोणाच्या कपाटात होते? वर्गात मुलांकडून कलमे कोणी पाठ करून घेतली होती?

रेवाने तुझे नाव सुचवले. ईशानने अनुमोदन दिले.

मी कारण विचारले. ईशान तेव्हा आठवीत असेल. तो म्हणाला, "आजी, तू अध्यक्ष झालीस तर बोलल्यावर मार्क देशील."

आणि वर मला उपाध्यक्ष केले. का, तर उपाध्यक्षपद विरोधी पक्षाला द्यायचा संकेत आहे, हे मीच शिकवले होते.

नव्या अध्यक्षाला सभागृहाचा नेता आणि विरोधी पक्षनेता हाताला धरून आसनापर्यंत नेतात. पोरांनी तुला दोन्ही हातांना धरून माझ्या सासऱ्यांच्या आरामखुर्चीपर्यंत नेले. तू लाजत होतीस, "अवो सोडा ना रे, पडन मी," म्हणत होतीस, आणि पुढे चालतही होतीस. पितळेचा गडवा आणि तो वाजवायला वरण वाढायचा डाव, ही तुझी घंटा. ते दृश्य मी पुष्कळदा आठवले आहे. रेवाने तुझा हात ज्या पद्धतीने धरला होता, तसा माझा हात तिने रस्ता ओलांडतानाही कधी धरला नव्हता.

कामकाज रोज दुपारी, कूलरसमोर. आधी प्रश्नोत्तराचा तास. विरोधी पक्षातली असूनही स्वयंपाक माझ्याकडे, म्हणून अन्नमंत्री मीच, म्हणजे सगळे प्रश्न मलाच. "अध्यक्ष महोदया, काल वरणात मीठ जास्त होते, हे माननीय मंत्र्यांना माहीत आहे काय, आणि असल्यास त्यांनी कोणती उपाययोजना केली?" मी उत्तर द्यायला उठे आणि ईशानकडे वळून बोलू लागे. तू लगेच गडवा वाजवायचीस. "बाई, माह्याकडं पाहून."

माझ्याच नातवाला, आणखी भात घे रे, असे सांगायचे तरी तुझ्याकडे पाहून. "अध्यक्ष महोदया, माननीय सदस्यांनी भात घ्यावा."

प्रश्नोत्तरे संपली की शून्य प्रहर. तो कोणत्याही नियमात लिहिलेला नाही, पण ज्याला जे तातडीचे वाटते ते तो त्या वेळी बोलतो. पोरे शून्य प्रहरात जे बोलत ते मला त्यांच्या आईबापांनीही सांगितले नव्हते. ईशानला वर्गात एक मुलगा चिडवतो. रेवाला रात्री लिफ्टची भीती वाटते. तू काही सल्ला देत नव्हतीस. "सभागृहानं आयकलं," एवढेच म्हणायचीस, आणि पोर खाली बसायचे, मोकळे होऊन. मी मागून रेवाला लिफ्ट कशी चालते ते समजावून सांगितले. ती म्हणाली, "हो आजी." तुला ती असे कधी नुसते 'हो' म्हणाली नाही.

तुला त्यांनी नाव दिले होते, शकूआजी. मी नुसती आजी.

तुला मूल नव्हते. म्हणून सगळे जण सहज म्हणायचे, "ईशान-रेवा शकुनचीच की." मिलिंदही म्हणायचा. मला कुणी विचारले नाही की वाटून घ्यायची का. आपल्या दोघींचे नवरे गेल्यावर घरात दोघीच उरलो. वर्षभर एकमेकींचे तोंड पाहायचे आणि उन्हाळ्यात पोरे आली की ती तुझ्याभोवती. हे मी कुणाजवळ बोलले नाही. पण तुला ठाऊक होते. तू एकदा म्हणालीसही, "बाई, तुमाले माहा राग येते ना?" मी म्हटले, "वेडी आहेस का?" तू म्हणालीस, "येऊ द्या. माह्याजागी तुमी असत्या तं मलेही आला असता." आणि वांगी चिरायला घेतलीस.

आता त्या दुपारचे.

सुट्टी संपत आली होती. मिलिंद आणि सीमा पोरांना न्यायला आले होते आणि कौतुकाने सभागृहात बसले होते. तू त्यांना ओसरीच्या मतदारसंघातून सदस्य करून घेतले होतेस. रेवा उठली. तिने पाठ केले होते. "अध्यक्ष महोदया, मी असा प्रस्ताव मांडते की शकूआजीने आमच्याबरोबर बेंगळुरूला यावे आणि तिथेच राहावे." ईशानने अनुमोदन दिले.

मी शब्द न शब्द ऐकला. शकूआजीने. 'दोन्ही आजींनी' असे कुणी म्हटले नाही.

मी सांगितले होते की आवाजी मतदान होते, आणि कुणाचे समाधान झाले नाही तर मतविभाजन मागता येते. पोरे "होय" म्हणून ओरडली. मी "नाही" म्हटले, तेही पुरेशा मोठ्याने. मग मतविभाजन. रेवा आणि ईशान होयच्या बाजूला, खिडकीशी. मी नाहीच्या बाजूला, देवघराशी. मिलिंद माझ्याकडे पाहत पाहत माझ्या बाजूला आला आणि म्हणाला की बेंगळुरूचे घर लहान आहे. सीमा जागची हलली नाही. "मी तटस्थ," ती म्हणाली. सुनेने याहून शहाणे काय करावे?

समसमान.

माझे 'नाही' सगळ्यांनी एकाच अर्थाने घेतले, हे मला रेवाच्या डोळ्यांत दिसले. आजी जळते. ते खरे होते. पण तू गेलीस की या घरात संध्याकाळी दिवा लावताना दुसरे माणूस नसणार, हेही खरे होते, आणि ते मांडायला शून्य प्रहर संपून गेला होता.

अध्यक्षाला एरवी मत नसते. तो बोलत नाही, बाजू घेत नाही. फक्त मते समान पडली की त्याला एक मत मिळते आणि ते त्याला द्यावेच लागते. संविधान एवढेच सांगते. ते मत कोणत्या बाजूला द्यावे, हे संविधान सांगत नाही. एक संकेत आहे की अध्यक्षाने आहे ते आहे तसे राहू देण्याच्या बाजूने मत द्यावे, म्हणजे पुढे पुन्हा चर्चेला वाव राहतो. हे मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते आणि दोनदा बजावले होते: हा संकेत आहे, नियम नाही. तू तेव्हा ते म्हणूनही दाखवले होतेस. "संकेत म्हंजे मानला तं मानला." बरोबर, मी म्हटले होते. इतके नेमके तर माझे विद्यार्थीही सांगत नसत.

त्या दुपारी तू दोन्हीकडे पाहिलेस. आधी खिडकीकडे, मग देवघराकडे. मग गडव्याकडे.

"मत बरोबर पडले," तू म्हणालीस. "तं अध्यक्षाले हाये तसंच ठेवा लागते. मी काय करू बाप्पा? नियम हाये."

रेवा रडायला लागली. "असा कसा नियम?"

"नियमच हाये, बाई. आजीनंच शिकवला ना?"

पोरांनी माझ्याकडे पाहिले. मी तुमचे सगळ्यांचे शब्द दुरुस्त करणारी. लोकसभेला 'अध्यक्ष' आणि राज्यसभेला 'सभापती', हे मी मीरालासुद्धा घोकून घ्यायला लावले होते. मी नुसते म्हणायचे होते, "नियम नाही, संकेत आहे." मग पोरे तुझ्या मतासाठी हटून बसली असती. तू मोकळी होतीस, आणि मोकळी आहेस हे त्या दुपारी फक्त आपल्या दोघींच्या ध्यानात होते.

मी काही बोलले नाही. तू गडवा वाजवलास. कामकाज संपले.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी गेली. आपण दोघी परत आलो. तू चहा ठेवलास आणि खुर्चीकडे पाहून म्हणालीस, "अध्यक्ष महोदया, बाईले सांगा, चाय झाली म्हून." पुढे आपण भांडलो, बोलणे बंद झाले, की त्या रिकाम्या खुर्चीमार्फतच बोलायचो. "अध्यक्ष महोदया, गॅस संपला आहे." "अध्यक्ष महोदया, सांगा त्याईले, मले दिसते." किती अबोले त्या खुर्चीने मोडले!

पोरे मोठी झाली. सुट्ट्यांत येईनाशी झाली. लोकसभा विसर्जित झाली म्हणायची. पण विसर्जन झाले तरी अध्यक्षाचे पद लगेच जात नाही. नवे सभागृह पहिल्यांदा बसेपर्यंत अध्यक्ष पदावर राहतो. म्हणून तू राहिलीस. फोन आला की ईशान तिकडून, "अध्यक्ष महोदया आहेत का?" मी फोन तुला द्यायचे. तू ऐकून मला सांगायचीस, "बाई, तो विचारून राहिला, गोळ्या घेता का?" मी इथेच फोनच्या शेजारी बसलेली! मला विचारायला काय झाले होते त्याला? मी तुला सांगायचे, "त्याला सांग, घेते." आणि तू सांगायचीस, "घेत नाई, खोटं बोलून राहिल्या."

मागच्या निवडणुकीला आपण दोघी रिक्षाने मतदानाला गेलो. परत येताना मी विचारले, कुणाला दिलेस? तू बोटाची शाई पाहत राहिलीस. "बाई, गुप्त असते ना?" मी चिडले. हेसुद्धा मीच शिकवलेले. पोरांना मात्र तू सांगितले असशील, असे मला अजून वाटते. रेवा, तुला सांगितले होते का? सांगितले असेल तर मला सांगू नकोस.

धान कापणीच्या दिवसांत तू गेलीस. तुला पोचवून कारध्याच्या पुलाजवळच्या घाटावरून घरी परतलो तेव्हा बांधाबांधांवर कापलेल्या धानाचा वास होता आणि मला तो तुला सांगायचा होता. 

काल पोरांनी फोनवर सभागृह बसवले. ईशान, रेवा, मिलिंद, सीमा, चौघांचे चार चौकोन. रेवा म्हणाली, "अध्यक्षपद रिकामे आहे. मी आजीचे नाव सुचवते." ईशानने अनुमोदन दिले. बिनविरोध. बिनविरोध म्हणजे एवढेच, की दुसरा उमेदवार उरला नव्हता. हे मी त्यांना म्हटले नाही, तुला म्हणते.

हाताला धरून न्यायला कुणी नव्हते. मी एक हात भिंतीला लावून खुर्चीपर्यंत गेले, फोन गडव्याला टेकवून ठेवला आणि बसले. ती माझ्या मापाची नाही. तुझ्या बसण्याने मधला भाग खोल गेला आहे.

ईशान म्हणाला, "अध्यक्ष महोदया." मी शेजारी वळून पाहिले. तुला देण्यासाठी फोन उचललासुद्धा.

मग रेवा उठून उभी राहिली. खरोखर उभी राहिली, फोनमध्ये तिचे नुसते पोट दिसत होते. "अध्यक्ष महोदया, मी असा प्रस्ताव मांडते की आजीने आता बेंगळुरूला यावे आणि आमच्याबरोबर राहावे."

इतक्या वर्षांनी माझे नाव प्रस्तावात आले. शकुन, मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? मिलिंद लगेच "होय" म्हणाला. आता घर मोठे आहे. ईशानचेही होय. सीमासुद्धा या वेळी तटस्थ राहिली नाही. समसमान होण्याची शक्यताच नव्हती. म्हणजे मला मत नव्हते, आणि खुर्चीत बसल्यावर चर्चेत भागही घेता येत नाही. माझ्याविषयी बोलणे चालले होते आणि मी मुकी. तू किती उन्हाळे अशी बसलीस? तुला त्या खुर्चीत एकदाच मत मिळाले. ते तू देवघराच्या बाजूने दिलेस आणि वर नियमाचे झाकण घातलेस, म्हणजे पोरांना वाटू नये की तू त्यांना नाकारलेस आणि मला वाटू नये की मी तुझ्या ऋणात आहे. मला माझ्या तारांकित प्रश्नाचे उत्तर मिळाले. उपप्रश्न नाही.

या बाबतीतही तू माझ्यापुढे गेलीस, हे मात्र मला खुपते.

मी गडवा वाजवला. तुझ्यासारखा वाजला नाही. म्हटले, "प्रस्तावावर आज मत घेता येणार नाही. सभागृहाच्या माजी अध्यक्षांचे निधन झाले आहे. आज फक्त निधनाचा उल्लेख होईल, सदस्य उभे राहून मौन पाळतील, आणि त्यांच्या स्मरणार्थ दिवसभराचे कामकाज तहकूब होईल. दुसरे काही नाही."

माझा अध्यक्षपदाचा पहिला दिवस, आणि तोही तू घेतलास.

सगळे उभे राहिले. चार चौकोनांत चार पोटे. मीही उभी राहिले. मौन संपले तेव्हा रेवा नाक पुसत म्हणाली, "आजी, मग उद्या मांडू?"

"उद्याचे उद्या."

"पण आज का नाही? हा नियम आहे, की संकेत?"

तिला आठवत होते. माझे सगळे शिकवणे तिला आठवत होते. मी देवघराकडे पाहिले, तुळशीच्या अंगणाकडे पाहिले. मग तुझा डाव हातात घेतला.

"नियम हाये, बाई," मी म्हटले.